राखाडी चौकोन

फ्रिजच्या दारावर माझ्या लेकीचं रोस्टर चिकटवलेलं असायचं. कुठल्या दिवशी कुठलं विमान, किती वाजता हजर व्हायचं, परत कधी, सगळं त्या एका कागदावर. पुढच्या महिन्याचा कागद आला की माझी नात मुंगी स्टूल ओढून फ्रिजपुढे बसायची आणि चौकोन रंगवायची. आई घरी तो दिवस पिवळा. आई उडणार तो निळा. स्टँडबायचा दिवस राखाडी.

स्टँडबाय म्हणजे काय ते मला मुंगीनेच समजावलं. मी थंडीच्या सुरुवातीला नवा नवा आलो होतो तेव्हा. "आजोबा, राखाडीला आई घरीच असते. पण कोणी आजारी पडलं की तिला फोन येतो. मग ती जाते."

"आणि फोन नाही आला तर?"

"तरी ती फोनकडेच बघत असते."

सात वर्षांची पोर. सारखं काहीतरी उचलून या खोलीतून त्या खोलीत नेत असते, म्हणून मी तिला मुंगी म्हणतो. राखाडी दिवशी ती मोठा खेळ काढत नसे. पत्ते, चित्रं, बाहुलीच्या वेण्या, म्हणजे मधेच टाकून देता येईल असंच काहीतरी. तीनशे तुकडे जुळवायचं दीपगृहाचं एक कोडं तिच्याकडे होतं. ते फक्त पिवळ्या दिवशी निघायचं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलेलं.

माझी लेक इथे सहा वर्षं विमान चालवते. आपल्याकडे शिकून बाहेर पडली तेव्हा तिथे जागा नव्हत्या, इथे परदेशात होत्या, म्हणून आली. तिच्या मागोमाग जावईबापू नोकरी सोडून आले. पाहुण्यांनी त्यांची टर उडवली, बायकोच्या मागून चालला म्हणून. ते हसून म्हणाले, "चालत कुठे, उडत चाललोय." असा माणूस. पुलांची आखणी करतो. दोन वर्षांपूर्वी या शहरातलं त्यांचं काम संपलं आणि नवीन मिळालं ते विमानाने दोन तासांवरच्या दुसऱ्या शहरात. तेव्हापासून ते एक शनिवार सोडून एक यायचे. मुंगीला सांभाळायला ठेवलेली बाई लग्न करून गेली. मग लेकीने मला फोन केला. "आबा, याल का? सहा महिने तरी?"

मी आयुष्यभर ट्रक चालवला. बारा बारा दिवस बाहेर. हिची आई गेल्यापासून घरात एकटाच होतो. मी म्हटलं, "येतो की. पण तुझ्या विमानात बसणार नाही, तू लहानपणी सायकल कशी चालवायचीस ते मी पाहिलंय."

मी लेकीला बाई म्हणतो. त्याला कारण आहे. मला अक्षरं हिने शिकवली, ती तिसरीत असताना. मी तोवर रस्त्यावरच्या पाट्या रंगावरून ओळखायचो. ही पाटीवर काढायची आणि मला गिरवायला लावायची. 'ळ' चुकला की म्हणायची, "आबा, परत दहा वेळा." तेव्हापासून ती बाई आणि मी तिचा ढ विद्यार्थी.

इथे राहायच्या माझ्या परवानगीचे सहा महिने संपत आले की काय करायचं, यावर एका शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बोलणं झालं. मी तिथेच वाटाणे सोलत बसलो होतो.

जावईबापू म्हणाले, "माझ्या शहरातल्या तुमच्या कंपनीच्या तळावर कॅप्टनच्या दोन जागा रिकाम्या आहेत. सहवैमानिकांच्या भरलेल्या. बरोबर ना?"

"बरोबर."

"तुझी कॅप्टनची परीक्षा झाली. यंत्रावरची चाचणी झाली. आता काय उरलं?"

"हजेरी. पुढच्या महिन्यात यादी लागेल. माझ्या नावावर एक खूण आहे."

ती खूण मला ठाऊक होती. मुंगीला ताप चढला होता, आणि लेकीने विमानतळावर पोचल्यावर उड्डाण नाकारलं होतं. तिच्या साहेबाने तेव्हाच सांगितलं होतं, यादी लागेपर्यंत आणखी एक खूण नको. एका खुणेकडे कानाडोळा करता येतो, दोन खुणांकडे नाही.

"नाव लागलं तर आपण तिघं एका घरात," जावईबापू म्हणाले. "आणि नाही लागलं तर?"

लेकीने टेबलावरची वाटाण्याची सालं गोळा केली. मग म्हणाली, "नाही लागलं तर मुंगी तुझ्याकडे. आबा गेल्यावर मी तिला कोणाच्या भरवशावर ठेवणार? तू सहाला घरी येतोस. मी नाही येत."

"रागाने म्हणतेस का?"

"नाही रे. हिशेबाने म्हणतेय."

माझ्या हातातला वाटाणा खाली पडून फ्रिजखाली गेला. तो काढायच्या निमित्ताने मी बराच वेळ वाकून राहिलो.

आता फोनची व्यवस्था सांगायला हवी. राखाडी दिवशी आईच्या हातात फोन दिसला की मुंगी खेळायची थांबायची. रडत नव्हती, नुसती थांबायची. म्हणून आम्ही युक्ती काढली. त्या दिवशी फोन माझ्याकडे. मी स्वयंपाकघरात बसायचं, सदऱ्याच्या खिशात फोन, आवाज मोठा. वाजला की लगेच नेऊन द्यायचा. पंधरा मिनिटांत उत्तर गेलं पाहिजे आणि दीड तासात विमानतळावर. स्टँडबाय संपला की फोन परत. थंडीभर मी हे काम केलं. चार वेळा वाजला, चारही वेळा मी दुसऱ्या घंटेच्या आत तिच्यापुढे होतो. ट्रकवर असताना मला इतकं वक्तशीर कोणी पाहिलं नसेल.

रोस्टरवरची वेळ मात्र आमच्या घड्याळाची नसते. विमानं इतके देश ओलांडतात की कुठली वेळ धरायची यावरून रोज भांडणं होतील. म्हणून सगळ्या जगातल्या विमानांसाठी एकच वेळ ठरवलेली आहे आणि कागदावर तीच छापतात. लेकीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आबा, कागदावरच्या आकड्यात एक तास मिळवायचा, की आपली वेळ." मी एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'एक मिळवणे', आणि ती रोस्टरच्या शेजारी लावली. मुंगीने तिच्या कोपऱ्यात एक फूल काढून दिलं. येता-जाता मी माझंच अक्षर बघायचो. 'ळ' चांगला आला होता.

तो रविवार राखाडी होता. यादी लागायला आठ दिवस होते. सकाळी मुंगी उड्या मारत आली. "आजोबा, आज घड्याळ पुढे करायचं! आज उन्हाळ्याची वेळ सुरू!" या देशात वर्षातून दोनदा घड्याळं हलवतात, एकदा पुढे, एकदा मागे. मी ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. ती स्टुलावर चढली. मी स्टूल धरलं. तिने भिंतीवरचं घड्याळ काढलं, मागची किल्ली फिरवली आणि काटा तासभर पुढे नेला.

"गेला एक तास," ती म्हणाली.

"कुठे गेला?"

"कुठेच नाही. नुसता गेला."

मी हसलो आणि घड्याळ परत खिळ्यावर अडकवून दिलं. स्टूल मीच धरलं होतं, घड्याळ मीच अडकवलं.

लेकीने फोन माझ्याकडे दिला तेव्हा त्या घड्याळात दहाला पाच कमी होते. एरवी ती नऊच्या आधी देते. मला वाटलं, रविवार आहे, उशिरा उठली असेल.

"आबा, फोन तुमच्याकडे."

"हो बाई."

"झोपा काढू नका."

"मी झोपतो का कधी? मी डोळे मिटून विचार करतो."

"विचार करताना घोरता तुम्ही."

ती गणवेशाची पँट आणि घरातला सदरा घालून होती. राखाडी दिवशी ती अशीच अर्धी तयार असते. मुंगी पत्ते घेऊन आली. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "पत्ते कसले काढतेस? ते दीपगृह काढ की. बाहेर ऊन किती छान पडलंय. आज कोण आजारी पडतंय!"

मुंगीने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "काढ. बघू."

दोघी गालिच्यावर पालथ्या पडल्या. मी दारातून बघत होतो. आधी कडांचे तुकडे, मग समुद्र. समुद्राचे सगळे तुकडे सारखेच निळे, त्यामुळे वादावादी.

"आई, हा इथला नाही."

"इथलाच आहे, बसतोय बघ."

"तू दाबून बसवतेस! विमान पण असंच दाबून उतरवतेस का?"

"कधीकधी."

जेवण त्यांनी गालिच्यावरच केलं. मी पाव आणि अंडी नेऊन दिली. दोनच्या पुढे दीपगृह कंबरेपर्यंत उभं राहिलं. मग आवाज कमी झाले. मी जाऊन पाहिलं तर दोघी झोपल्या होत्या. लेक आदल्या दिवशी पहाटे तीनला उठून गेलेली, तिला कुठेही झोप लागते. मुंगीचा हात तिच्या सदऱ्याच्या आत, खांद्यापाशी, तान्ह्या मुलाचा असतो तसा.

मी स्वयंपाकघरात आलो. कागद पाहिला. आठ ते चौदा. माझी चिठ्ठी पाहिली. चौदा अधिक एक पंधरा, म्हणजे तीन. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी मनात म्हटलं, सुटलो बुवा, आज नाही आला.

तेवढ्यात फोन दोनदा टुंग टुंग वाजला. कोणाचे तरी निरोप होते, कामाचे नव्हते. आतून मुंगीने कूस बदलल्याचा आवाज आला. फोनचा आवाज कसा बंद करायचा ते मला तिनेच शिकवलं होतं. बाजूची कळ खाली ओढायची. मी ती ओढली, फोन रुमालात गुंडाळला आणि चमच्यांच्या खणात ठेवून दिला. मग चहा टाकला आणि खिडकीशी बसून सावकाश प्यायलो. समोरच्या इमारतीत एक माणूस गॅलरीत सायकल धूत होता. मला फार बरं वाटत होतं. आपण आज या दोघींना एक पूर्ण दिवस दिला असं वाटत होतं.

लेक डोळे चोळत आली तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

"आबा, शांत गेला ना दिवस? फोन द्या, शेवटची दहा मिनिटं राहिलीत."

"दहा मिनिटं कसली? संपलं की केव्हाच." मी खण उघडला, रुमाल सोडला आणि फोन तिच्या हातात दिला.

तिने पडद्याकडे पाहिलं. तीन बावीस. तीन एकोणतीस. तीन छत्तीस. तीन वेळा येऊन गेला होता.

"आवाज कोणी बंद केला?"

"मी. तीनला संपलं म्हणून. चौदा अधिक एक..."

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मग माझ्या चिठ्ठीकडे.

"आज दोन मिळवायचे होते, आबा," ती म्हणाली. "आजपासून दोन. घड्याळ पुढे गेलं ना. जगाची वेळ नाही पुढे जात."

मला कळायला एक क्षण लागला. ती तोवर फोन कानाला लावून गॅलरीत गेली होती. काचेतून ती मला दिसत होती. इथली भाषा मला येत नाही, पण माफी मागणारा माणूस कुठल्याही भाषेत ओळखू येतो. तो पाठीने बोलतो.

आत येऊन म्हणाली, "दुसऱ्याला बोलावलं. विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटणार. उद्या साहेबाकडे जायचंय."

"मी येतो. मी सांगतो त्याला, चूक माझी."

"काय सांगणार? माझा फोन मी वडिलांच्या खिशात ठेवते, हे? ती तर आणखी मोठी चूक."

"पण झोप तर तुलाही लागली होती..."

"आबा, तुम्हाला विचारायचं नाही सुचलं? एकदा हाक मारायची! एवढंसं घर आहे हे!"

"तुम्ही दोघी झोपल्या होतात. मला उठवावंसं वाटलं नाही."

"माझं काम जागं राहायचं होतं!" ती ओरडली, आणि मग तिला जे बोलायचं नव्हतं ते बोलली. "तुम्हाला काय माहीत घर सांभाळणं? तुम्ही तरी कुठे होतात घरी?"

"नव्हतो," मी म्हणालो. "म्हणून तर इथे आलो."

ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात दारात मुंगी. केस विस्कटलेले, गालावर गालिच्याची नक्षी उठलेली.

"फोन आला होता?"

तिची आई म्हणाली, "आला होता. गेला."

"आणि तू गेली नाहीस?"

"नाही."

मुंगीचं तोंड असं उजळलं की मला बघवेना. "फोन आला आणि तू गेली नाहीस!" ती ओरडली आणि आईच्या कमरेला मिठी मारून तिथल्या तिथे उड्या मारायला लागली. "आजोबा, आई गेली नाही! आता पूर्ण करू दीपगृह! चल ना, चल!"

आणि माझी लेक गेली. गालिच्यावर बसली. दिव्याच्या खोलीचे तुकडे जुळवत राहिली. मधे मधे मान फिरवून डोळे पुसत होती, पण मुंगी विनोद सांगत होती त्यांना हसतही होती. अंधार पडायच्या आत दीपगृह पुरं झालं. नात म्हणाली, तिचा आजवरचा सगळ्यात छान दिवस. फोन कुठे होता असं तिने विचारलं तेव्हा मी चमच्यांचा खण दाखवला.

त्या संध्याकाळी मी दोन पानं लिहिली. साहेबाला. फोन माझ्याकडे होता, वेळ मी चुकवली, मुलीचा दोष नाही, शिक्षा द्यायची तर मला द्या, मी उद्या परत जायला तयार आहे. लेकीला म्हणालो, "तुझ्या साहेबाच्या भाषेत करून दे." तिने ओट्यापाशी उभं राहून वाचलं. पर्समधून पेन काढलं. एका ठिकाणी माझी वेलांटी चुकली होती, ती सवयीने दुरुस्त केली. मग तिच्या लक्षात आलं आपण काय करतोय, आणि पेन तसंच हातात राहिलं.

"मी नाही देणार हे, आबा."

"मग कशाला सुधारलंस?"

"माझ्याकडे राहू दे." तिने पानांच्या घड्या करून गणवेशाच्या खिशात ठेवल्या.

सोमवारी मुंगीला शाळेत सोडून मी हट्टाने तिच्याबरोबर गेलो. विमानतळाच्या मागच्या बाजूला त्यांची कचेरी. लांब बोळ, भिंतीला प्रत्येकाच्या नावाचा लहान कप्पा, कॉफीचं यंत्र, आणि चाकांच्या बॅगा ओढत येणारी-जाणारी तरणी पोरं. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो. लेक आत गेली. दाराला काच होती. साहेब दुष्ट दिसत नव्हता. उलट तोच अवघडल्यासारखा पेला फिरवत बसला होता. ते मला जास्त लागलं. ओरडणारा साहेब असता तर मनवता आलं असतं.

शेजारी एक पिकल्या केसांचा वैमानिक येऊन बसला. लेक बाहेर आली तशी तो उठला, तिच्याशी दोन वाक्यं बोलला आणि माझा हात हातात घेऊन दाबला.

"कोण हा?"

"काल माझ्या जागी गेलेला. म्हणतो, हवा सुंदर होती, त्याला मजा आली. वाईट वाटून घेऊ नका म्हणतो."

"त्याला कसं कळलं मी कोण ते?"

"नाही कळलेलं. त्याला वाटलं तुम्ही मला धीर द्यायला आलात."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "साहेबाला काय सांगितलंस?"

"झोप लागली म्हणाले. आवाज बंद राहिला म्हणाले. खरंच आहे ना?"



यादी लागली. नाव नव्हतं. पुन्हा अर्ज एक वर्षाने. तिने जावईबापूंना फोन लावला तेव्हा मी आत जायला निघालो, पण तिने हाताने बसा म्हणून खुणावलं आणि फोनचा आवाज मोठा केला. पलीकडून ते काही रागावले नाहीत. म्हणाले, "वर्ष जाईल गं. वर्ष काय मोठं?"

"सात वर्षांच्या मुलीचं वर्ष मोठं असतं," ती म्हणाली.

"मग काय करू? तू सांग."

"काही नाही. आपलं ठरलंय तसंच. ये तिला न्यायला."

आणखी एक गोष्ट लिहितो, नाहीतर हे अपुरं राहील. तिने त्यांनाही माझं नाव सांगितलं नाही. मी सांगितलं, ते आले तेव्हा, खाली विमानतळावर नेणाऱ्या गाडीत सामान ठेवताना. ते बॅग उचलता उचलता थांबले. "मला माहीत आहे, आबा. मुंगीने सांगितलं. आजोबांनी फोन चमच्यांत झोपवला, असं म्हणाली. कौतुकाने सांगत होती." मग ते डिकीत वाकले आणि म्हणाले, "तुम्ही तिच्यापुढे कधी रडू नका याच्यावरून. तिला तो दिवस तसाच राहू दे."

मुंगीची शाळेची सुट्टी लागली होती. तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी सामान निघालं. दोन बॅगा आणि एक बाहुली.

"आई, बाबांकडे फ्रिजवर रोस्टर असेल?"

"नाही गं. बाबा रोज सहाला घरी येतात."

"रोज?"

"रोज."

"रविवारी पण?"

"रविवारी घरीच असतात."

मुंगी विचारात पडली. असं घर असू शकतं हे तिला पटायला वेळ लागला. मग तिने रंगाची पेटी उघडली, राखाडी खडूचा उरलेला बोटभर तुकडा काढला आणि फ्रिजवर ठेवला. "हा इथेच राहू दे. तिकडे नाही लागणार."

"आणि पिवळा?" मी विचारलं.

"पिवळा लागेल. आई येईल तेव्हा."

खाली गाडी निघाली तेव्हा लेक हात हलवत उभी होती. गाडी वळली तरी हात वरच. मग तो हात तिने खाली घेतला आणि घड्याळ पाहिलं. तिची सवय आहे ती. निघालेलं काहीही किती वाजता निघालं ते ती बघते.

दीपगृह गालिच्यावर तसंच होतं. मोडून पेटीत भरायचं कोणाला सुचलं नाही. आम्ही त्याला वळसा घालून चालायचो.

पुढच्या गुरुवारी राखाडी होता. मी माझी चिठ्ठी काढून नवी लावली होती, 'दोन मिळवणे'. तिच्यावर फूल नव्हतं. लेक सकाळी पूर्ण गणवेशात आली, खांद्यावर सहवैमानिकाच्या त्याच तीन पट्ट्या, बूटसुद्धा घातलेले. फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. आता तो लपवायचं कारण नव्हतं. ती एका बाजूला बसली, मी दुसऱ्या.

"आबा, तुम्ही पडा थोडे."

"मी बसतो."

"कशाला? मी आहे ना जागी."

"असू दे."

दहा वाजले, बारा वाजले. ऊन खिडकीतून आलं, टेबलावरून सरकत दीपगृहापर्यंत गेलं. तिने एकदा फोन उचलून आवाज मोठा आहे ना ते पाहिलं. मी भात लावला. तिने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. तीन वाजले तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं आणि एकदमच नजर खाली घेतली. साडेतीन. पावणेचार. फोन काळा, गप्प पडलेला.

चार वाजले.

"संपलं ना, बाई?" मी विचारलं. आता मी विचारून घेतो.

"संपलं."

ती उठली नाही. बुटांच्या नाड्या सोडायला वाकली आणि तशीच वाकून राहिली. मी हाक मारणार तेवढ्यात फोन वाजला. ती दचकून सरळ झाली. कामाचा नव्हता. मुंगीचा होता. तिने फोन टेबलावरच ठेवून आवाज मोठा केला, मलाही ऐकू यावा म्हणून.

"आई, मी सुट्टीच्या शिबिरातून आले. आज राखाडी होता ना? मी पाठ केलाय कागद."

"हो, राखाडी होता."

"मग? कुठे गेलीस?"

"कुठेच नाही. घरीच होते."

"फोन नाही आला?"

"नाही आला."

"दिवसभर?"

"दिवसभर."

मग मुंगी बोलली, तक्रार करावी तसं नाही, नुसतं लक्षात आल्यासारखं.

"मग आपण खेळलो असतो."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी चमच्यांच्या खणाकडे बघत होतो.

"हो राणी," ती म्हणाली. "खेळलो असतो."